दिवा कोठे धरावा?

गेल्या माघ महिन्यात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग अगदी घरगुती. परंतु त्याने आम्हांस चांगले पंधरा दिवस विचार करावयास लाविले. त्या विचारातून जे हाती आले ते पाण्याखाली उतरणाऱ्या तरुण मंडळींच्या उपयोगी पडेल, आणि घरी बसून त्यांची चित्रे पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांसही रुचेल, असे वाटल्यावरून ते येथे वाचकांपुढे मांडीत आहो.

आमच्या आत्याबाई यंदा शहाऐंशी वर्षांच्या झाल्या. त्यांचे माहेर मालवणचे. म्हणजे आमचेही मूळ घर तेथलेच. घराच्या पडवीत उभे राहिले की समुद्र दिसे, आणि समुद्रात सिंधुदुर्गाचा तट दिसे. लग्न होऊन त्या पुण्यास आल्या त्यास आता साठांहून अधिक वर्षे लोटली. तथापि समुद्राचा विषय निघाला म्हणजे त्या एक गोष्ट हटकून सांगत. "होडीतून वाकून पाहिले की खाली खडक दिसत, त्यांत काहीबाही हलत असे. पण ते काय, ते कधी धड कळले नाही." त्या काळी मुलीबाळींनी पाण्यात उतरून पाहण्याची गोष्टच नव्हती. आता त्यांस काचबिंदूने गाठले आहे. उजवा डोळा गेल्यासारखाच आहे, आणि डाव्याची जी काही दृष्टी उरली आहे ती टिकविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती आहे.

आमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी पाणबुड्याचे रीतसर शिक्षण घेतले. आत्याआजीला समुद्राचा तळ दाखवायचाच, आणि तिला दिसते आहे तोवर दाखवायचा, असे त्याने मनाशी ठरविले. जलरोधक पेटीत बसणारा कॅमेरा घेतला, त्याच्या डोक्यावर बसविण्याचा एक भारी किमतीचा दिवा घेतला, आणि तो मालवणास गेला. तीन दिवस तीस-तीस फूट खोल बुड्या मारून तो परत आला, तेव्हा सारे घर दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यासमोर जमले. आत्याबाईंची खुर्ची पडद्यापासून हातभर अंतरावर मांडली.

पडदा उजळला. निळसर पाणी दिसले, मग दिवा लागला, आणि मग सगळीकडे पांढरे ठिपकेच ठिपके उडू लागले. त्यांच्या पलीकडे एखादा मासा वळताना अंधूक दिसे आणि पुन्हा त्या पांढऱ्या गर्दीत नाहीसा होई. आत्याबाईंनी पाच मिनिटे डोळा ताणून पाहिले आणि मग विचारले, "अरे, समुद्रात कापूस पिंजतात की काय?"

सारे हसले. पुतण्या मात्र हसला नाही. रात्री तो आमच्या खोलीत आला आणि म्हणाला, "काका, दिवा कमी पडला. याच्या दुप्पट शक्तीचा घ्यावा म्हणतो." आम्ही स्वतः पाण्यात कधी उतरलो नाही, परंतु चाळीस वर्षे कॅमेरा हाताळला आहे. आम्ही त्यास म्हटले, "दिवा बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहू."

कापूस आला कोठून?

तिसऱ्या प्रहरी खोलीत कवडसा पडतो आणि त्यात धूलिकण नाचू लागतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहो. ते कण कवडशातच असतात आणि बाकीची खोली स्वच्छ असते असे मुळीच नाही. ते सर्वत्र सारखेच पसरलेले असतात. ज्यांवर ऊन पडते तेवढेच आपल्यास दिसतात. समुद्राची गोष्ट हीच होय. डोळ्यास नितळ वाटणाऱ्या पाण्यातही मातीचे कण, वाळूचा चुरा, शिंपल्यांची पूड, कुजलेल्या वनस्पतींचे धागे आणि प्लवक म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्म जीव तरंगत असतात. मालवणच्या दक्षिणेस देवबागेपाशी कर्ली नदी समुद्रास मिळते. पावसाळ्यात अशा नद्या सह्याद्रीची माती आणून ओततात, आणि पुढे कित्येक दिवस ती किनाऱ्याजवळच्या पाण्यात घोटाळत राहते. या प्रत्येक कणावर दिव्याचा प्रकाश पडला म्हणजे त्यातील काही भाग माघारी फिरून थेट भिंगात शिरतो. पाण्याखाली चित्रे घेणारे लोक यास 'बॅकस्कॅटर' म्हणतात. आत्याबाईंचा कापूस तो हाच.

पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुक्यात सापडलेल्या मोटारीचा अनुभव पुष्कळांस असेल. नवशिका चालक घाबरून मोठे दिवे लावतो, आणि समोर पांढरी भिंत उभी राहते; रस्ता अधिकच दिसेनासा होतो. अनुभवी चालक दिवे खाली उतरवितो. धुक्याचे म्हणून जे वेगळे दिवे असतात ते मोटारीच्या अगदी खालच्या अंगास बसविलेले असतात, यातील एक कारण हेच की, दिवा डोळ्यांच्या रेषेपासून जितका दूर तितके धुके डोळ्यांवर कमी उजळते.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. समुद्र निळा का दिसतो या प्रश्नाने आपल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांस १९२१ साली विलायतेहून परत येताना 'नार्कुंडा' जहाजावर असताना वेधून घेतले. आकाशाचे प्रतिबिंब म्हणून समुद्र निळा, ही तोवरची समजूत त्यांनी खोडून काढली आणि पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात हे दाखविले. या विखुरण्याच्या अभ्यासातूनच पुढे १९२८ साली त्यांचा सुप्रसिद्ध शोध लागला, आणि १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूंचे ते विखुरणे समुद्रास त्याचा रंग देण्यास हातभार लाविते. आमच्या पुतण्याचे चित्र ज्यांनी बिघडविले ते कण रेणूंच्या मानाने डोंगराएवढे असतात, आणि त्यांचे विखुरणे निळे नसून पांढरेच दिसते. पहिल्यावर आपला इलाज नाही. दुसऱ्यावर मात्र आहे.

आता थोडे गणित. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, चौपट झाले की सोळावा हिस्सा उरतो, हा नियम शाळेत सर्वांनी घोकलेला आहे. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर आहे आणि मासा ४ फुटांवर आहे असे समजा. मग भिंगासमोर १ फुटावर तरंगणाऱ्या कणावर माशाच्या सोळापट प्रकाश पडणार! शिवाय पाणी स्वतः प्रकाश शोषून घेते, तेव्हा माशाची बाजू आणखीच लंगडी. आणि कण भिंगाच्या इतका जवळ असल्यामुळे तो रेखीव न उमटता फुगून पांढऱ्या चकतीसारखा उमटतो. दिव्याची शक्ती दुप्पट केली तर मासा दुप्पट उजळेल हे खरे, पण कणही दुप्पटच उजळेल. सोळास एक हे प्रमाण जसेच्या तसे राहील. म्हणून पुतण्याने नवा दिवा घेतला असता तर आत्याबाईंस अधिक लख्ख कापूस दिसला असता, इतकेच.

बरणीतील समुद्र

हे त्यास तोंडी सांगून पटेना. तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातून लोणच्याची मोठी काचेची बरणी आणविली, तीत पाणी भरले, दुधाचे चार थेंब टाकून ढवळले, आणि तळाशी एक लहान पितळी वाटी ठेविली. खोलीत अंधार केला. प्रथम विजेरी मोबाइलच्या भिंगाला चिकटवून समोरून धरली. पडद्यावर दुधी भिंत उभी राहिली. वाटी जेमतेम ओळखू येत होती. मग मोबाइल तेथेच ठेवून विजेरी बरणीच्या बाजूस नेली, आणि तिचा झोत फक्त वाटीवर पडेल असा धरला. त्याच पाण्यात, त्याच विजेरीने, वाटीचा काठ अन् काठ दिसू लागला. घरातील मुलांनी तो प्रयोग त्या रात्री दहा वेळा केला. वाचकांनीही करून पाहावा. खर्च चार थेंब दुधाचा. भिंग काचेला अगदी टेकवून धरावे, म्हणजे काचेची चकाकी आड येणार नाही.

एकच दिवा आणि तीन कोन

पाण्याखाली चित्रे घेण्याची खटपट जुनी आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथे लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली पाण्याखाली छायाचित्रे घेतली. पुढे त्याने प्रकाशासाठी एक पिंपच्या पिंप वापरले. त्यावर स्पिरिटचा दिवा बसवून त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकण्याची योजना होती. अमेरिकेतील हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झगमगाटाचे तंत्र पूर्णत्वास नेले, आणि १९५३ पासून जाक कूस्तो यांच्या सागरी सफरींत ते समुद्राखाली वापरले. या सर्वांची मुख्य विवंचना प्रकाश कमी पडतो ही होती. आज मुठीत मावेल एवढा एलईडी दिवा पाण्याखाली दिवस उजाडल्यासारखा प्रकाश देतो, म्हणून त्याच्या जागेचा विचार करण्याचे आपण विसरलो आहो.

दिवा मुळात हवाच कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की, पाणी सर्व रंग सारखे शोषीत नाही. लाल रंग सर्वांत आधी जातो. तीस फुटांवर लाल वस्तू मळकट काळसर दिसते. तेथे दिवा लावला की प्रवाळाचा तांबडा आणि केशरी रंग एकाएकी जागा होतो. म्हणजे दिवा हवाच. पण तो विषयवस्तूवर पडावा, मधल्या पाण्यावर पडू नये.

हे साधावे कसे? पुतण्याच्या दिव्याचा झोत पाण्यात १२० अंश फाकतो, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूस ६० अंश. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावरून काढून दीड फूट लांबीच्या सांध्याच्या दांडीवर बाजूस नेला, एवढे गृहीत धरून आम्ही कागदावर तीन आकृत्या काढल्या.

पहिलीत दिव्याचे तोंड सरळ ४ फुटांवरील माशाकडे वळविले. कोणीही प्रथम असेच करील. परंतु झोताची आतली कड भिंगासमोर अवघ्या ३ इंचांवर येऊन पडते! दीड फूट दूर नेलेला दिवा जवळजवळ डोक्यावर असल्यासारखाच झाला. दुसरीत दिव्याचे तोंड कॅमेऱ्याशी समांतर, नाकासमोर ठेविले. आता आतली कड सुमारे साडेदहा इंचांवर गेली. तिसरीत दिवा माशाकडे न वळविता उलट बाहेरच्या बाजूस ३० अंश फिरविला. कड एकदम अडीच फुटांच्या पलीकडे गेली, आणि तरीही ३ ते ४ फुटांवरील मासा झोताच्या आतच राहिला.

या तिसऱ्या आकृतीत भिंग, दिवा आणि मासा यांच्यामध्ये काळोखाचा एक त्रिकोण तयार होतो. त्या त्रिकोणातही कण असतातच, परंतु त्यांस उजेड मिळत नाही, आणि ज्यांस उजेड मिळत नाही ते दिसत नाहीत. मासा उजळतो तो झोताच्या गाभ्याने नव्हे, त्याच्या कडेने. कडेचा प्रकाश जरा मंद असतो खरा, पण मऊ असतो; खवल्यांवर पांढरे डाग पडत नाहीत. दिवा भिंगाच्या काचेपेक्षा किंचित मागे असावा, म्हणजे त्याचा प्रकाश काचेवरच सांडणार नाही.

पाण्यात कागद-पेन्सिल नसते, म्हणून एक खूण ध्यानात ठेवावी. भिंगासमोर एक वीत अंतरावर आपला तळवा धरावा. तो उजळला तर दिव्याची जागा चुकली. तो काळाच राहिला, आणि हात पुरता लांब केल्यावर बोटांच्या टोकांस जेमतेम उजेड लागला, तर जागा बरोबर. विषयवस्तू त्याच्या पलीकडे, पण चार फुटांच्या आत असावी.

लहान गोष्टींची, म्हणजे वीतभर अंतरावरच्या गोगलगाईची किंवा खेकड्याची, रीत निराळी. तेथे काळोखाचा एवढा मोठा त्रिकोण परवडत नाही. दांडी मोडून दिवा त्या प्राण्याच्या वरच्या अंगास, भिंगाच्या किंचित पुढे आणावा आणि खाली रोखावा. अंतरच एवढे थोडे की मध्ये येणारे पाणी व त्यातील कणही थोडेच.

उलट पंधरा फुटांवरचा माशांचा थवा किंवा खडकाचा मोठा कडा घ्यावयाचा असेल तर दिवा सरळ विझवावा. तेवढ्या अंतरावर त्याचा प्रकाश पोहोचत नाही; तो जवळचे कण तेवढे उजळतो. ही गोष्ट मनास पटावयास सर्वांत कठीण, कारण हाती दिवा असून तो न लावणे आपल्या स्वभावात नाही.

डोळ्यांची फसगत

येथे पाणी आणखी एक डाव खेळते. पाण्यातून हवेत येताना किरण वाकतात. तोंडावरील सपाट काचेतून पाहणाऱ्या पाणबुड्यास ४ फुटांवरचा मासा ३ फुटांवर असल्यासारखा वाटतो. त्या भासावर विसंबून जो दिवा रोखतो त्याचा झोत माशाच्या अलीकडे, रिकाम्या पाण्यावर पडतो. परिणाम दुहेरी वाईट: मासा अंधारात आणि कण उजेडात. म्हणून मासा जेथे दिसतो त्याच्या पलीकडे तो आहे असे समजून दिवा रोखावा. पुतण्याने आपली पहिली चित्रे पुन्हा पाहिली तेव्हा निम्म्या ठिकाणी हीच चूक त्याची त्यालाच दिसली.

सावलीचे काय?

ज्यांच्यापाशी दोन दिवे असतात ते दोन्ही बाजूंस एक-एक लावतात. एकाच दिव्याने एक बाजू उजळते आणि दुसरीकडे काळी सावली पडते. परंतु येथेही थोडी युक्ती केल्यास भागते. दिवा नुसता बाजूस न ठेवता वर आणि बाजूस ठेवावा; घड्याळाच्या तबकडीवर दहाचा किंवा दोनचा आकडा असतो त्या जागी. उजेड वरून येण्याची आपल्या डोळ्यांस सवय आहे, त्यामुळे खाली पडलेली सावली खटकत नाही. मासा ज्या बाजूस तोंड करून आहे त्या बाजूस दिवा असावा. शेपटी अंधारात गेली तर चालते, डोळा जाता कामा नये. दिवसा सूर्य हा दुसरा दिवा असतोच. आपला दिवा एका अंगास आणि सूर्य दुसऱ्या अंगास राहील असे उभे राहिले की सावलीत निळसर उजेड भरतो. तळाशी पांढरी वाळू असेल तर तीही खालून प्रकाश परत देते. मागे काळी पोकळी असली की प्रत्येक कण ताऱ्यासारखा उठून दिसतो. मागे निळे पाणी किंवा चित्रविचित्र खडक असेल तर तेच कण त्यात मिसळून जातात.

आणि सर्वांत उत्तम दांडी म्हणजे माणूस. पाण्यात एकट्याने उतरू नये असा नियमच आहे. तेव्हा सोबत्याच्या हाती दिवा द्यावा. तो हवा तितका दूर जाऊ शकतो.

दिव्याआधीची शिस्त

इतके करूनही पाणीच गढूळ असेल तर दिवा काय करणार? कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने बुडीसाठी नव्हेतच. पुढे हिवाळ्या-उन्हाळ्यातही भरतीच्या अखेरीचा वेळ बहुधा बरा, कारण बाहेरचे स्वच्छ पाणी तेव्हा आत आलेले असते. ओहोटी खाडीचा गाळ घेऊन येते. त्याहून मोठा गाळ मात्र पाणबुड्याच्या स्वतःच्या पायांनी उठतो. पायांतील रबरी पंख वरखाली आपटीत गेले की तळाची वाळू ढगासारखी वर येते आणि दहा-पंधरा मिनिटे बसत नाही. बेडूक पोहतो तसे पाय आडवे मारावे, तळापासून अंतर राखावे, आणि प्रवाहाकडे तोंड करून पुढे जावे, म्हणजे उठलेला गाळ आपल्या मागे वाहून जाईल.

ही शिस्त चित्रापुरतीच नव्हे. मालवणजवळचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेले आहे. तेथील प्रवाळ दगडासारखे दिसले तरी जिवंत प्राण्यांनी बांधलेले असतात, आणि त्यांची वाढ फार हळू असते. चित्राच्या नादात दांडीचा एक धक्का लागला तरी कित्येक वर्षांची वाढ मोडते. ज्याला पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येत नाही त्याने कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवावा. आमच्या पुतण्यानेही दुसऱ्या खेपेस पहिला दिवस कॅमेऱ्यावाचून, केवळ स्थिर राहण्याच्या सरावात घालविला.

दुसरी खेप

तो चैत्रात पुन्हा गेला. नवा दिवा घेतला नाही. सांध्यांची एक दांडी तेवढी घेतली, आणि जुना दिवा निम्म्या शक्तीवर लाविला. परत आला तेव्हा चित्रांत कण अजिबात नव्हते असे म्हणणे खोटे होईल. कडेकडेने थोडे तरंगत होते, जसे समुद्रात असावयाचे तसे. परंतु मधली जागा मोकळी होती.

पुन्हा खुर्ची पडद्याशी मांडली. या खेपेस कोणी फारसे बोलत नव्हते. तांबूस-केशरी प्रवाळ दिसला. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले इवलेसे मासे त्याभोवती घोटाळताना दिसले. आत्याबाई डावा डोळा पडद्याच्या जवळ नेऊन पाहत होत्या. मग एका खडकाखालची कपार आली, दिव्याची कड हळूच तिच्या तोंडाशी सरकली, आणि आतून एक जाड ओठांचा, ठिपकेदार मासा गंभीरपणे बाहेर पाहू लागला.

"गोब्रा!" आत्याबाई एकदम म्हणाल्या. पुतण्याने चित्र तेथेच थांबविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. आमच्या वाचकांतील शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी, आमचे घर कोकणचे आहे. आत्याबाई पुढे जे बोलल्या ते आम्ही जसेच्या तसे देतो.

"ताटात जन्मभर पाहिला रे," त्या म्हणाल्या. "त्याच्या घरी आज पाहिला."

मग त्यांनी ते चित्र पुन्हा पहिल्यापासून लावावयास सांगितले.